'द मन्स्टर्स'च्या आजोबांची शोकांतिका झालीच नव्हती: फिरणाऱ्या पोस्टला मुद्देसूद उत्तर

'द मन्स्टर्स' या भुताखेतांच्या कुटुंबावरच्या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेतल्या आजोबांबद्दलची एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. ज्यांच्यापर्यंत ती पोचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोस्टचं म्हणणं असं की हे आजोबा झालेला अल लुईस हा एके काळचा लाडका विनोदी नट, मालिका पडली आणि हा वीस वर्षं घरी बसला, मग सत्त्याहत्तराव्या वर्षी पोटाची खळगी भरायला तोच जुना ड्रॅक्युलाचा झगा चढवून टीबीएस चॅनलवर शनिवारी दुपारी भुताखेतांचे भिकार पिक्चर दाखवणारा निवेदक झाला. हॉरर होस्ट म्हणजे म्हणे पडलेल्या नटांची शेवटची जागा, तिथे करायचं काय तर दोन जाहिरातींच्या मधे लिहून दिलेलं वाचायचं. पुढे हॉलिवूडने 'ग्रेमलिन्स २' मध्ये त्याची जाहीर टिंगल केली आणि शेवटी तो एकटा, विसरलेला असा गेला. खाली हात जोडलेले आणि 'ग्लॅमरच्या दुनियेचं भयाण वास्तव'.

पोस्ट पाठवणाऱ्यांचा कळवळा मी खोटा म्हणणार नाही, म्हाताऱ्या कलाकाराची परवड वाचून कुणालाही वाईटच वाटतं. झगा खरा, चॅनल खरं, शनिवारही खरा. पण त्याच्याभोवती जी गोष्ट रचलीय ती साफ चुकीची आहे, आणि ज्या कामाला हा माणूस मनापासून भिडला त्याच कामाला तिच्यात खड्ड्यात पडणं म्हटलंय, हे मला सहन होत नाही म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी वय, कारण अर्धी दया त्या सत्त्याहत्तर आकड्यातून आलीय. टीबीएसवरचा 'सुपर स्केअरी सॅटर्डे' १९८७ ला सुरू झाला आणि १९८९ पर्यंत चालला. पोस्टवाल्याने १९१० हे जन्मसाल धरून सत्त्याहत्तर काढलेत. आता हे १९१० कुठून आलं तर खुद्द लुईसकडूनच, तो आयुष्यभर तेच सांगत राहिला. ३ फेब्रुवारी २००६ ला तो न्यूयॉर्कमध्ये गेला तेव्हा कित्येक पेपरांनी ९५ वर्षांचा असं छापलं, आणि मग त्याच्या मुलाने सांगितलं की वडलांचा जन्म ३० एप्रिल १९२३ चा, म्हणजे जाताना वय ८२. त्याने तेरा वर्षं का वाढवली हे त्यालाच ठाऊक, पण सर्वात जास्त ऐकू येणारा अंदाज असा की आजोबांचा रोल हातचा जाऊ नये म्हणून, कारण मालिकेत त्याची मुलगी झालेली इव्हॉन डी कार्लो १९२२ ची, म्हणजे पडद्यावरची मुलगी बापापेक्षा मोठी! १९६४ ला मालिका सुरू झाली तेव्हा हा गडी ४१ वर्षांचा होता आणि शेकडो वर्षांच्या रक्तपिपासू म्हाताऱ्याचं काम करत होता. तर १९८७ ला तो ६४ चा. चौसष्ट म्हणजे अगदी तरुण नाही, पण थरथरत्या हाताने झगा चढवणारा जर्जर म्हाताराही नाही.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी उलट्या बाजूची पोस्ट घेऊन येईल. लुईसबद्दलच्या कौतुकाच्या गोष्टीही सगळ्याच्या सगळ्या खऱ्या धरू नका. अमेरिकेतल्या गाजलेल्या खटल्यातले आरोपी साको आणि व्हान्झेट्टी यांना वाचवायच्या चळवळीत होतो असं तो सांगायचा, पण त्या दोघांना मृत्युदंड झाला, विजेच्या खुर्चीत बसवलं, ते १९२७ ला, तेव्हा हा चार वर्षांचा. कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट केली असंही तो सांगायचा, तशी नोंद विद्यापीठाकडे सापडली नाही. माणूस गोष्टी रंगवून सांगणारा होता आणि स्वतःच्या आयुष्यालाही त्याने सोडलं नाही. मला यात त्याचा दोष लपवायचा नाही, पण जो माणूस स्वतःची वंशावळ अशी नव्याने रचतो त्याच्याबद्दल लिहिताना तारखा दोनदा तपासायला नकोत का? पोस्टवाल्याने एकदाही तपासल्या नाहीत.

आता वीस वर्षं बेकार. आधी मालिकेचंच घ्या. 'द मन्स्टर्स' सीबीएसवर १९६४ ते १९६६ चालली, सत्तर भाग झाले, आणि पडली ती रंगीत 'बॅटमॅन' दुसऱ्या चॅनलवर समोर येऊन उभा राहिल्यामुळे, ही मालिका काळीपांढरी होती. लुईस वाईट होता म्हणून नाही पडली. त्याच्याआधी १९६१ ते १९६३ 'कार ५४, व्हेअर आर यू?' मध्ये तो पोलिस शिपाई लिओ श्नाउझर होता, 'द मन्स्टर्स'मध्ये आजोबांचा जावई हर्मन झालेला फ्रेड ग्विनही त्यातच होता, म्हणजे या दोघांची जोडी आधीच जमलेली. त्याही आधी ब्रॉडवेवर काम केलेलं. आणि नंतर? १९६९ ला 'दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?', १९७० ला 'द बोटनिक्स', १९८० ला रॉबर्ट झेमेकिसच्या 'यूज्ड कार्स' मध्ये कडक जज, १९८१ ला ग्विन आणि डी कार्लोबरोबर परत 'द मन्स्टर्स रिव्हेंज' हा टीव्ही सिनेमा, १९८८ ला 'मॅरीड टू द मॉब', जेव्हा टीबीएसचं काम चालूच होतं. पुढे १९९४ ला 'कार ५४' वर सिनेमा निघाला तेव्हा श्नाउझर म्हणून परत हाच. हिरोची कामं नव्हेत ही, मान्य, पण तो हिरो कधी नव्हताच, तो कॅरेक्टर ॲक्टर होता आणि कॅरेक्टर ॲक्टरचं आयुष्य असंच असतं, चार दिवसांचं काम इथे, दोन सीन तिथे. त्याला बेकारी म्हणायचं तर निम्मी इंडस्ट्री बेकार म्हणावी लागेल, आपल्याकडची पण.

आणि पैशाचा मुद्दा निघालाच आहे तर त्याची खरी बाजू पोस्टमध्ये आलीच नाही. 'द मन्स्टर्स' बंद झाली पण थांबली नाही, सत्तर आणि ऐंशीच्या दशकात शाळेतून घरी आलेली पोरं दुपारी तीच बघत होती, वर्षानुवर्षं. पण त्या काळच्या करारात नटाला फक्त ठरावीक पुनःप्रक्षेपणांपुरते पैसे मिळायचे, कायम मिळत राहतील अशी अट युनियनने १९७४ ला पदरात पाडून घेतली आणि ती त्यानंतरच्या कामांसाठी. म्हणजे लुईसचा चेहरा रोज टीव्हीवर, पोरं त्याला रस्त्यात ओळखतायत, आजोबा आजोबा म्हणून मागे लागतायत, आणि त्या चेहऱ्याची कमाई जातेय दुसरीकडे. अशा वेळी तो माणूस म्हणाला की हा झगा मीच घालणार, मीच मिरवणार आणि त्याचे पैसेही मलाच मिळतील, तर यात लाचारी कुठे दिसली? मला तर यात हक्काची जाण दिसते. पोटासाठी काम करणं ही लाज वाटायची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं तिथेच जमणार नाही, पण इथे नुसतं पोट नव्हतं.

फ्रेड ग्विनने नेमका उलटा रस्ता धरला होता. हर्मनच्या सावलीतून बाहेर पडायला त्याला बरीच वर्षं लागली, ती ओळख त्याला जाचायची, पुढे १९८९ चा 'पेट सेमेटरी' आणि १९९२ चा 'माय कझिन व्हिनी' अशी दणदणीत कामं त्याने केली आणि १९९३ ला गेला. मला ग्विन प्रचंड आवडतो. पण त्याने पात्र झटकलं म्हणून तो स्वाभिमानी आणि लुईसने पात्र मिरवलं म्हणून तो केविलवाणा, हा हिशोब कुणी घालून दिला? दोघांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे निवड केली, बस.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. हॉरर होस्ट म्हणजे पडलेल्या नटांची शेवटची जागा. आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजला नाही, झी हॉरर शो काय किंवा आहट काय, त्या स्वतंत्र कथा होत्या, पिक्चरच्या आधी-मधे-नंतर येऊन बोलणारं भूत आपण बघितलं नाही, त्यामुळे पोस्ट वाचून लोकांना खरं वाटणं साहजिक आहे. म्हणून हा धंदा कुठून आला ते जरा नीट सांगतो.

१९५४ ला लॉस एंजेलिसच्या केएबीसी चॅनलवर मायला नुर्मी नावाची बाई व्हॅम्पायरा म्हणून आली, काळा घट्ट ड्रेस, कमर मुठीत मावेल एवढी, धुक्यातून सरळ कॅमेऱ्याकडे चालत यायची आणि जीव तोडून किंचाळायची. मग १९५७ ला स्क्रीन जेम्स कंपनीने युनिव्हर्सलच्या जुन्या सिनेमांचा, त्यात ड्रॅक्युला फ्रँकन्स्टाईन सगळे आले, ५२ सिनेमांचा एक गठ्ठा 'शॉक' या नावाने गावोगावच्या टीव्ही स्टेशनांना विकला. गठ्ठा सगळ्यांकडे सारखाच, मग आपलं स्टेशन वेगळं कसं दिसणार, तर प्रत्येकाने आपापला एक होस्ट उभा केला. आणि हे होस्ट कोण होते? बहुतेक जण स्टेशनचाच स्टाफ! हवामान सांगणारे, जाहिराती वाचणारे, मुलांचे कार्यक्रम करणारे. पिट्सबर्गचा बिल कार्डिल कुस्तीचं निवेदन करायचा, हवामानही सांगायचा आणि शनिवारी रात्री 'चिलर थिएटर' चालवायचा, १९६३ पासून वीस वर्षं. १९६८ च्या 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' मध्ये टीव्ही रिपोर्टर म्हणून दिसतो तो हाच. हे लोक कुठून पडले होते म्हणायचं?

फिलाडेल्फियाचा जॉन झॅकर्ली बघा. डब्ल्यूसीएयू स्टेशनवर १९५७ ला तो रोलँड नावाचा होस्ट झाला. तळघरासारखा सेट, एका शवपेटीत त्याची बायको, जी कधीच दिसायची नाही आणि जिला तो लाडाने 'माय डियर' म्हणायचा, शिवाय एक नोकर. पिक्चरमध्ये डॉक्टर कवटी उघडतोय असा सीन चालू असायचा आणि मधेच झॅकर्ली, समोर फ्लॉवरचा गड्डा, तोच मेंदू, त्याच्यावर अत्यंत गंभीर चेहऱ्याने ऑपरेशन चालू. एवढ्यावर थांबला नाही, चालू सिनेमात स्वतःचे शॉट घुसवायचा, म्हणजे पडद्यावरचा माणूस दार उघडतो आणि आत दिसतो हाच. १९५८ ला त्याचं 'डिनर विथ ड्रॅक' हे गाणं अमेरिकेच्या पहिल्या दहात गेलं, आणि मग त्याला न्यूयॉर्कने उचललं. ही शेवटची जागा?

क्लीव्हलंडचा अर्नी अँडरसन, घुलार्डी या नावाने होस्ट, १९६३ ते १९६६. तो या खुर्चीतून उठून पुढे एबीसी नेटवर्कचा आवाज झाला, देशभर ओळखला जाणारा आवाज, आणि त्याचा मुलगा म्हणजे दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन. एल्व्हायरा तर तिकडे सगळ्यांना माहितीय, खरं नाव कॅसांड्रा पीटरसन, लॉस एंजेलिसच्या ग्राउंडलिंग्ज या आयत्या वेळी विनोद रचणाऱ्या ग्रुपमधली नटी, १९८१ ला केएचजे चॅनलवर 'मूव्ही मकाब्र' हा हॉरर शो घेतला आणि तिथून तिचं सगळं आयुष्य उभं राहिलं, १९८८ ला स्वतःच्या पात्रावर स्वतःचा सिनेमा. शिकागोचा रिच कोझ कॉलेजात असताना स्वेनगुली या होस्टच्या शोला पत्रं पाठवायचा, मग त्याच शोसाठी लिहायला लागला, १९७९ ला स्वतः 'सन ऑफ स्वेनगुली' झाला आणि पुढे मीटीव्ही या चॅनलवरून देशभर पोचला. सुरुवात म्हणा, घर म्हणा, आयुष्यभराचा धंदा म्हणा, पण या लोकांकडे बघून शेवटची जागा हे शब्द सुचतात कसे?

आता यात लुईस कुठे बसतो ते बघा. वरचे बहुतेक लोक एका शहरापुरते होते. झॅकर्लीला फिलाडेल्फियाबाहेर सुरुवातीला कोण ओळखत होतं? टीबीएस हे अटलांटाचं टेड टर्नरचं चॅनल, १९७६ मध्येच सॅटेलाइटवर गेलेलं, केबल असलेल्या घरात देशभर कुठेही दिसणारं. म्हणजे लुईसला मिळालेली खुर्ची त्या काळातल्या सर्वात मोठ्या खुर्च्यांपैकी एक होती. आणि तो त्या खुर्चीत आला तेव्हा त्याच्याजवळ एक गोष्ट होती जी दुसऱ्या होस्टांना शून्यातून तयार करावी लागली, ती म्हणजे पात्र. व्हॅम्पायरा कोण हे लोकांना आधी सांगावं लागलं होतं. आजोबा कोण हे कुणाला सांगायची गरजच नव्हती. वीस वर्षं रिरनवर वाढलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना शेजारी बसवून बघत होती, जुने राक्षसपट, जपानचा गॉडझिला वगैरे, आणि मधे हे आजोबा. दुपारची वेळ होती, मध्यरात्र नव्हती, हेही लक्षात घ्या, हा कार्यक्रम पोरांना घाबरवायला नव्हताच, पोरांना भुतांशी दोस्ती करून द्यायला होता, आणि त्यासाठी 'द मन्स्टर्स'च्या आजोबांपेक्षा योग्य माणूस त्या वेळी टीव्हीवर मला तरी दुसरा दिसत नाही.

लिहून दिलेलं वाचायचं काम, हा पुढचा मुद्दा. जो कुणी हे म्हणतोय त्याने कधी रिकाम्या कॅमेऱ्यासमोर एकट्याने विनोद करून बघावा. मालिकेत लुईससमोर ग्विन होता, साडेसहा फुटी, गोल भाबडा चेहरा. लुईस किरकिर करायचा, हात नाचवायचा, प्रयोगशाळेत काहीतरी उकळवून ठेवायचा, आणि विनोद पूर्ण व्हायचा तो ग्विनच्या चेहऱ्यावर, आपण बघायचो बोलणाऱ्याकडे पण हसायचो ऐकणाऱ्यामुळे. जोडीतल्या विनोदाचं गणितच ते. होस्टच्या खुर्चीत तो ऐकणारा नाही. समोर प्रेक्षक बसलेला नाही. हशा कुठे येईल, किती वेळ टिकेल, पुढचं वाक्य कधी टाकायचं, हे सगळं डोक्यात मोजायचं. त्यात वेळ मिनिट-दोन मिनिटांचा, तेवढ्यात पिक्चरचं कुठवर आलंय ते लोकांच्या डोक्यात ठेवायचं, चिडवायचं पण एवढं नाही की पिक्चर बघावासाच वाटू नये. आपले कीर्तनकार बुवा आख्यान ऐन रंगात आलेलं असताना थांबतात, समोरच्यांशी चार शब्द बोलतात, हसवतात, आणि परत उचलतात तिथूनच, धागा न तुटता, तसलं कसब आहे हे. ज्याला जमत नाही त्याच्या हातात आख्यानही जातं आणि श्रोतेही जातात.

आणि ते पिक्चर, ज्यांना पोस्टमध्ये भिकार म्हटलंय. हो, त्यातले बरेच कमकुवत होतेच, रबराचा राक्षस, पाठीवरची चेन दिसतेय, पंधरा पंधरा मिनिटं लोक खोलीत उभे राहून नुसतं बोलतायत. पण होस्टची गरजच तिथे असते. चांगल्या पिक्चरला मधे कुणी बोललेलं नको असतं. लंगड्या पिक्चरला एक माणूस लागतो जो तुमच्या शेजारी बसून म्हणतो की हो, मलाही दिसतंय, पण थांब, पुढचा सीन बघ. त्या एका माणसामुळे एकट्याने टीव्ही बघणाऱ्या पोराला सोबत मिळते. पुढे जाऊन सिनेमे करणाऱ्या, सिनेमावर लिहिणाऱ्या कितीतरी अमेरिकन लोकांचं जुन्या सिनेमाशी पहिलं नातं या होस्टांनी जोडून दिलं, दिग्दर्शक जो दांते हे त्यातलंच नाव, आणि त्याच्यावरून पुढच्या मुद्द्यावर येतो.

'ग्रेमलिन्स २' मध्ये टिंगल केली म्हणे. हे लिहिणाऱ्याने सिनेमा बघितलेला नाही अशी माझी खात्री आहे. १९९० चा सिनेमा, जो दांतेचा. त्यात रॉबर्ट प्रॉस्कीने केलेलं ग्रँडपा फ्रेड हे पात्र आहे, केबल कंपनीच्या बिल्डिंगमध्ये ड्रॅक्युलाच्या वेशात जुने भुताचे पिक्चर दाखवणारा म्हातारा, आणि ते लुईसवरूनच घेतलंय, याबद्दल वाद नाही. पण सिनेमात त्याचं होतं काय? त्याला मनातून बातम्या द्यायच्या असतात. बिल्डिंगमध्ये ग्रेमलिन्सचा, म्हणजे छोट्या खोडकर राक्षसांचा, धुमाकूळ सुरू होतो, बाकीचे सैरावैरा पळतायत, आणि हा त्या झग्यातच माईक हातात घेतो, एका जपानी पर्यटकाला कॅमेरामन करतो आणि आतून थेट वार्तांकन सुरू करतो, एका बोलणाऱ्या ग्रेमलिनची चक्क मुलाखत घेतो. शेवटी त्याला हवी ती नोकरी मिळते. सगळ्या गोंधळात डोकं शाबूत असलेल्या मोजक्या लोकांत तो आहे. टिंगल करायची असती तर दांतेने त्याला ग्रेमलिन्सच्या तोंडी दिलं असतं. मी तरी याला सलाम म्हणेन. आणि साधी गोष्ट बघा ना, देशभर कुणी ओळखतच नसेल अशा माणसावरून कुणी मोठ्या बजेटच्या सिनेमात पात्र लिहितं का? त्याच वर्षी 'मिडनाईट म्युटंट्स' नावाचा अटारी कंपनीचा व्हिडिओ गेमही आला, त्यातही हेच आजोबा.

राहिलं विसरलेला आणि एकटा. १९८७ हेच साल परत घ्या, पोस्टप्रमाणे केविलवाण्या अवस्थेतलं साल. त्या वर्षी रेडिओवाल्या हॉवर्ड स्टर्नने न्यूयॉर्कमध्ये एफसीसी या सरकारी नियामक संस्थेविरुद्ध सभा भरवली होती, लुईस तिथे गेला आणि थेट प्रक्षेपणात एफसीसीला सणसणीत शिवी घातली, आयोजकांचीच तारांबळ उडाली. हा माणूस दबलेला वाटतो? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ग्रीनिच व्हिलेजमध्ये ब्लीकर स्ट्रीटवर त्याने आजोबांच्याच नावाने इटालियन रेस्टॉरंट काढलं, येणाऱ्या जाणाऱ्यांशी हात मिळवत, सह्या देत स्वतः दारात उभा असायचा. डब्ल्यूबीएआय रेडिओवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम होता, तुरुंगातल्या लोकांबद्दल, न्यूयॉर्कच्या जाचक ड्रग कायद्यांबद्दल तो तिथे वर्षानुवर्षं बोलत राहिला.

आणि १९९८. ग्रीन पार्टीतर्फे न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला. मतपत्रिकेवर नाव 'ग्रँडपा अल लुईस' असं छापा म्हणून कोर्टात गेला, लोक मला याच नावाने ओळखतात असं त्याचं म्हणणं, न्यायाधीशांनी ते मान्य केलं नाही. निवडून तर आधीचाच गव्हर्नर जॉर्ज पटाकी आला, पण लुईसला ५२,५३३ मतं पडली. हा आकडा महत्त्वाचा अशासाठी की तेव्हाच्या नियमाप्रमाणे गव्हर्नरच्या निवडणुकीत पन्नास हजार मतं मिळाली की पुढची चार वर्षं पक्षाला मतपत्रिकेवर आपोआप जागा मिळायची, दरवेळी सह्या गोळा करत फिरावं लागायचं नाही. ग्रीन पार्टीला न्यूयॉर्कमध्ये ती जागा या माणसाने मिळवून दिली, आणि ती मिळाली त्यात झग्याचा वाटा होता हे कुणीही सांगेल. ज्या पात्राने म्हणे त्याचं आयुष्य खाल्लं, त्याच पात्राच्या ओळखीवर त्याने एका छोट्या पक्षाला उभं केलं. मतदारांना तो ८८ वर्षांचा वाटत होता, होता ७५ चा.

शेवटची दोन-तीन वर्षं कठीण गेली हे खरं आहे, २००३ ला हृदयावरच्या उपचारानंतर गुंतागुंत होऊन त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. याबद्दल वाईट वाटत असेल तर जरूर वाटू द्या, मलाही वाटतं. पण तो आजार होता, टीबीएसच्या कार्यक्रमाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. एकटा म्हणाल तर घरी बायको होती, आणि गेल्यावर देशभरच्या पेपरांनी त्याच्यावर मृत्युलेख छापले, वय चुकवून का होईना.

तर ती पोस्ट ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही पाठवलीय तिथे निदान एवढं तरी खाली टाका: जन्म १९१० नाही, १९२३. टीबीएसवर आला तेव्हा वय ६४. आणि 'ग्रेमलिन्स २' कुठे मिळाला तर प्रॉस्कीचे सीन एकदा बघून घ्या, मग टिंगल कुठे झाली ते मला सीनसकट सांगा, मी वाचायला तयार आहे.